अक्षरे जाणणारा देव आणि ‘अरट्टै’चा वाद

तामिळनाडूतील कुंभकोणम शहरापासून थोड्याच अंतरावर, कावेरीच्या खोऱ्यातील भातशेतीत, इन्नंबूर नावाचे लहानसे गाव आहे. गावात शंकराचे प्राचीन मंदिर आहे. येथील देवाचे तमिळ नाव ‘एळुत्तरिनाथर’, म्हणजे अक्षरे जाणणारा स्वामी. संस्कृतात त्यालाच अक्षरपुरीश्वर म्हणतात. शाळेत घालण्यापूर्वी मुलांना येथे आणून अक्षरारंभ करण्याची प्रथा आजही पाळली जाते. या नावामागे एक कथा सांगितली जाते. मंदिराचे हिशेब सांभाळणाऱ्या सेवकावर चोळ राजाला संशय आला आणि त्याने हिशेब सादर करण्याची आज्ञा दिली. सेवक चिंतेत पडला. तेव्हा देवच त्याचे रूप घेऊन राजापुढे उभा राहिला आणि त्याने पै-पैचा हिशेब दाखवून राजाची खात्री पटवली.

या कथेत लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की प्रत्यक्ष देवानेही ‘माझ्यावर विश्वास ठेवा’ असे राजाला सांगितले नाही. त्याने वही उघडून दाखवली.

सप्टेंबर २०२५ पासून ‘अरट्टै’ या भारतीय संदेशसेवेवरून आंतरजालावर जे वादळ उठले, त्याचा विचार करताना इन्नंबूरची ही कथा आठवल्याशिवाय राहत नाही. त्या वादाच्या केंद्रस्थानी अखेर हाच प्रश्न होता: दोन माणसांनी एकमेकांना लिहिलेली अक्षरे तिसरा कोणी वाचू शकतो का, आणि तो वाचत नाही याचा हिशेब त्याने कसा द्यावा?

तीन दिवसांत शंभरपट

‘अरट्टै’ या तमिळ शब्दाचा अर्थ गप्पा, चकाट्या. चेन्नईस्थित झोहो या कंपनीने जानेवारी २०२१ मध्ये ही सेवा प्रथम लोकांपुढे आणली. त्या वेळी व्हॉट्सअ‍ॅपने आपल्या गोपनीयता धोरणात बदल जाहीर केले होते आणि पर्यायी सेवांचा शोध सुरू झाला होता. ती लाट ओसरली आणि अरट्टैही विस्मरणात गेले.

झोहो ही नवखी कंपनी नव्हे. १९९६ मध्ये अ‍ॅडव्हेंटनेट या नावाने तिची स्थापना झाली आणि २००९ मध्ये तिने सध्याचे नाव धारण केले. संस्थापकांपैकी एक असलेले श्रीधर वेंबू हे मूळचे तंजावर जिल्ह्यातले. म्हणजे कुंभकोणम-इन्नंबूरच्याच परिसरातले. महानगरांऐवजी लहान गावांतून सॉफ्टवेअर निर्माण करण्याचा त्यांचा प्रयोग सर्वश्रुत आहे. २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री देण्यात आली. जानेवारी २०२५ मध्ये त्यांनी मुख्य कार्यकारी अधिकारीपद सोडून मुख्य वैज्ञानिक म्हणून संशोधनाची जबाबदारी घेतली.

२०२५ च्या उत्तरार्धात परिस्थिती बदलली. जुलैमध्ये युरोपीय महासंघाच्या निर्बंधांचे कारण देऊन मायक्रोसॉफ्टने नायरा एनर्जी या भारतातील तेलशुद्धीकरण कंपनीच्या सेवा अचानक थांबवल्या. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेल्यानंतर त्या पूर्ववत झाल्या खऱ्या. परंतु परकीय सॉफ्टवेअरवर विसंबणे किती धोक्याचे ठरू शकते, याची जाणीव त्यातून झाली. ऑगस्टअखेर अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के आयातशुल्क लागू केले. सप्टेंबरमध्ये एच-१बी व्हिसाच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क जाहीर झाले. त्याच सुमारास पंतप्रधानांनी स्वदेशीचे आवाहन केले आणि केंद्रीय मंत्र्यांनी झोहोच्या सेवा वापरत असल्याचे जाहीरपणे सांगण्यास सुरुवात केली.

त्याचा परिणाम तत्काळ दिसून आला. अरट्टैवर रोज होणारी नवी नोंदणी तीन दिवसांत ३ हजारांवरून साडेतीन लाखांवर गेल्याचे वेंबू यांनी सांगितले. आपली यंत्रणा शंभरपट भार पेलण्यासाठी तातडीने वाढवावी लागत असल्याचेही त्यांनी स्पष्ट केले. अ‍ॅपलच्या भारतातील दुकानात समाजमाध्यमांच्या यादीत अरट्टैने पहिले स्थान पटकावले. ८ ऑक्टोबर रोजी गृहमंत्री अमित शहा यांनी आपला ई-मेल पत्ता झोहोकडे नेल्याचे जाहीर केले. केंद्र सरकारच्या सुमारे १२ लाख कर्मचाऱ्यांचे ई-मेल झोहोने तयार केलेल्या यंत्रणेवर गेल्याचे वृत्तही त्याच महिन्यात प्रसिद्ध झाले.

प्रतिक्रियांचे चार प्रवाह

या वृत्तावर उमटलेल्या प्रतिक्रियांचे ढोबळमानाने चार प्रवाह दिसून आले.

पहिला प्रवाह अभिमानाचा. भारतीय अभियंत्यांनी, भारतीय भांडवलावर, भारतातील गावांत बसून तयार केलेली सेवा जगातील बलाढ्य कंपनीला आव्हान देते, ही भावना अनेकांना मनापासून सुखावणारी होती.

दुसरा प्रवाह शंकेचा. अरट्टैवरील ध्वनी आणि चित्रसंभाषण दोन्ही टोकांना बंदिस्त असले तरी लिखित संदेशांना ती सोय सरसकट नाही, हे जाणकारांनी निदर्शनास आणले. व्हॉट्सअ‍ॅपने ती एप्रिल २०१६ मध्येच सर्व वापरकर्त्यांना दिली होती.

तिसरा प्रवाह नावावरचा. हा शब्द उच्चारायला अवघड आहे, तमिळ न येणाऱ्यांना त्याचा अर्थ कळत नाही, म्हणून नाव बदलावे, अशी सूचना अनेकांनी केली. त्यावर तमिळ भाषकांची नाराजी उमटणे स्वाभाविक होते. परदेशी कंपन्यांची अर्थहीन नावे आपण विनातक्रार पाठ करतो. मग आपल्याच देशातील एका भाषेतील अर्थपूर्ण शब्द का खटकावा, हा त्यांचा प्रश्न बिनतोड होता. मराठी माणसाला तर या शब्दाची भीती वाटण्याचे कारणच नाही. ‘खरपट्टी’ सहज उच्चारणाऱ्या जिभेला ‘अरट्टै’ जड जाऊ नये.

चौथा प्रवाह व्यक्तींचा. संस्थापकांची राजकीय आणि सामाजिक मते आपल्याला पटतात की नाहीत, यावरून अनेकांनी सेवा स्वीकारली किंवा नाकारली.

या चारही प्रवाहांत दुसरा प्रवाह सर्वांत क्षीण होता आणि तोच सर्वांत महत्त्वाचा होता. अभिमान, उपहास आणि राग हे तिन्ही एका ओळीत व्यक्त करता येतात. शंका समजावून सांगायला मात्र परिच्छेद लागतो.

‘कूटबद्ध’ या शब्दाचा घोळ

वृत्तांचे मराठी भाषांतर करणाऱ्यांना या वादात एक विशेष अडचण जाणवली. ‘संदेश कूटबद्ध असतात’ हे वाक्य मराठी बातम्यांतून सर्रास वाचायला मिळते. परंतु हे एकच वाक्य दोन पूर्णतः भिन्न व्यवस्थांना लागू पडते.

पहिल्या व्यवस्थेत संदेश आपल्या भ्रमणध्वनीवरून कंपनीच्या संगणकापर्यंत कूटरूपात जातो, तेथे तो उलगडता येतो आणि पुन्हा कूटरूपात पलीकडच्या व्यक्तीकडे पाठवला जातो. वाटेत कोणा चोराने तो पळवला तरी त्याला तो वाचता येणार नाही. पण कंपनीला वाचता येईल, कारण चावी तिच्याजवळ आहे. दुसऱ्या व्यवस्थेत चावी फक्त पाठवणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या उपकरणात असते. कंपनीचा संगणक केवळ टपालवाल्याचे काम करतो. त्याने पाकीट फोडायचे ठरवले तरी आतला मजकूर त्याला उमगत नाही.

पहिली व्यवस्था विश्वासावर चालते, दुसरीला त्या विश्वासाची गरज उरत नाही. दोन्हींना ‘कूटबद्ध’ म्हटल्याने वाचकाची दिशाभूल होते. अरट्टैच्या बाजूने आणि विरोधात तावातावाने लिहिणारे कित्येक जण एकच शब्द दोन अर्थांनी वापरत होते. त्यामुळे वाद वाढत गेला आणि समज मात्र होती तिथेच राहिली.

या दुसऱ्या व्यवस्थेचा पाया अंकशास्त्राचा आहे आणि त्यातही योगायोगाने कुंभकोणमचा संबंध येतो. श्रीनिवास रामानुजन यांचे बालपण याच शहरात गेले. ज्या शुद्ध अंकशास्त्रात त्यांनी आयुष्य वेचले, त्याचा व्यवहारात काही उपयोग होईल असे त्यांचे इंग्रज सहकारी हार्डी यांना वाटत नव्हते आणि त्याचा त्यांना अभिमानही होता. आज कोट्यवधी लोकांचे खासगी संदेश आणि बँक व्यवहार त्याच शास्त्राच्या आधारावर सुरक्षित राहतात.

विश्वास मोठा की चावी?

टीकेला उत्तर देताना वेंबू यांनी घेतलेली भूमिका विचारात घेण्याजोगी आहे. दोन्ही टोकांची कूटबद्धता हे एक तांत्रिक वैशिष्ट्य असून ते लवकरच उपलब्ध होईल. परंतु विश्वास त्याहून मोलाचा आहे आणि तो आपण जगाच्या बाजारपेठेत रोज मिळवत आहोत, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. भारतीय ग्राहकांची माहिती मुंबई, दिल्ली आणि चेन्नई येथील केंद्रांत ठेवली जाते, असेही त्यांनी स्पष्ट केले.

या भूमिकेत तथ्य नाही असे म्हणता येणार नाही. झोहोचा मुख्य व्यवसाय उद्योगांना पैसे घेऊन सॉफ्टवेअर पुरवण्याचा आहे, जाहिराती विकण्याचा नाही. ग्राहकांची माहिती चाळून पाहणाऱ्या कंपनीला असा व्यवसाय जवळपास तीन दशके चालवणे कठीण गेले असते. याउलट व्हॉट्सअ‍ॅप ज्या मेटा कंपनीच्या मालकीचे आहे, तिचे उत्पन्न प्रामुख्याने जाहिरातींतून येते. संदेशातील मजकूर तिला दिसत नसला तरी कोण कोणाशी, केव्हा आणि किती वेळा संपर्क साधतो, ही माहिती तिच्या हाती असते. २०२१ च्या धोरणावरून भारतीय स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मेटाला २१३ कोटी १४ लाख रुपयांचा दंड ठोठावला आणि अपील न्यायाधिकरणाने नोव्हेंबर २०२५ मध्ये तो कायम ठेवला.

तरीही प्रश्न कंपनीच्या सचोटीपुरता मर्यादित नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९ नुसार, राष्ट्रीय सुरक्षेसह काही कारणांसाठी संदेश अडवण्याचे आणि उलगडून देण्याचे आदेश सरकार देऊ शकते. कंपनीकडे चावी असेल तर प्रामाणिकातल्या प्रामाणिक संचालकालाही ती द्यावी लागेल. कंपनीकडे चावीच नसेल तर तिच्यापाशी देण्यासारखे काही नसते. म्हणजेच येथे चावीचा अभाव हेच कंपनीचेही संरक्षण ठरते. शिवाय कंपनी संपूर्णपणे भारतीय असल्यास कायद्याचा हात तिच्यापर्यंत अधिक सहज पोहोचतो. गुन्ह्याच्या तपासाच्या दृष्टीने हा गुण आहे. नागरिकाच्या खासगीपणाच्या दृष्टीने तीच जोखीम आहे. स्वदेशीचा पुरस्कार करणाऱ्यांनी या बाजूकडे बहुधा दुर्लक्ष केले.

पूर्वग्रह टाळण्यासाठी हेही नमूद केले पाहिजे, की परदेशी कंपनी म्हणजे आपोआप सुरक्षितता नव्हे. अमेरिकेतील २०१८ च्या क्लाउड कायद्यानुसार तेथील कंपन्यांना, माहिती जगात कोठेही साठवलेली असली तरी, अमेरिकी तपास यंत्रणांच्या कायदेशीर आदेशावरून ती द्यावी लागते. तिकडेही प्रश्न अखेर चावी कोणाकडे, हाच आहे.

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्णय एकमताने दिला. त्यानंतर फेब्रुवारी २०२१ च्या नियमांनी मोठ्या संदेशसेवांवर, आदेश मिळाल्यास संदेशाचा मूळ प्रेषक शोधून देण्याचे बंधन घातले. व्हॉट्सअ‍ॅपने त्याला दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिले. कूटबद्धता मोडण्यास भाग पाडल्यास भारतातून निघून जावे लागेल, असे कंपनीच्या वकिलांनी एप्रिल २०२४ मध्ये न्यायालयास सांगितले. हेच नियम ५० लाखांहून अधिक नोंदणीकृत वापरकर्ते असलेल्या प्रत्येक सेवेला लागू आहेत. ती मर्यादा ओलांडणारी भारतीय सेवा याच कात्रीत सापडणार. अशा सेवेचे खरे मूल्यमापन त्या क्षणी होईल, दुकानाच्या यादीतील क्रमांकावरून नव्हे.

गलक्याने काय साधते?

आंतरजालावरील प्रतिक्रियांना निव्वळ गोंगाट समजून निकालात काढण्याकडे अनेक विचारवंतांचा कल असतो. इतिहास मात्र वेगळे सांगतो.

२०१५ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने आंतरजालावरील सेवांसंबंधी मते मागवली, तेव्हा दहा लाखांहून अधिक नागरिकांनी ई-मेल पाठवले. ८ फेब्रुवारी २०१६ रोजी प्राधिकरणाने मजकुरानुसार वेगवेगळे दर आकारण्यास मनाई केली आणि फेसबुकची ‘फ्री बेसिक्स’ योजना भारतात गुंडाळावी लागली. अलीकडचे उदाहरण ‘संचार साथी’चे आहे. प्रत्येक नव्या भ्रमणध्वनीत हे सरकारी अ‍ॅप आधीच बसवण्याचा आदेश नोव्हेंबर २०२५ च्या अखेरीस देण्यात आला. त्यावर चहूकडून टीका झाल्यानंतर ३ डिसेंबर रोजी ती सक्ती मागे घेण्यात आली.

या दोन्ही प्रसंगी लोकांची मागणी नेमकी होती. दर वेगळे नकोत. अ‍ॅपची सक्ती नको. ज्याच्याकडे मागणी करायची ते कार्यालयही ठाऊक होते. याच्या उलट उदाहरण ‘कू’चे आहे. ट्विटरला भारतीय पर्याय म्हणून २०२० मध्ये सुरू झालेल्या या सेवेकडे मंत्री, खाती आणि उत्साही समर्थक यांचा ओघ लागला. मराठीसह अनेक भारतीय भाषांतून ती उपलब्ध होती. जुलै २०२४ मध्ये ती बंद पडली. त्याआधी जानेवारी २०२१ मध्ये ‘हाइक’ या भारतीय संदेशसेवेनेही निरोप घेतला होता. देशाभिमानामुळे लोक नोंदणी करतात. पण मावशीचा, शाळेच्या गटाचा आणि वाण्याचा निरोप ज्या ठिकाणी येतो, तेथेच ते परत जातात. अरट्टैचे पहिले स्थानही ऑक्टोबर सरता सरता टिकले नाही.

तथापि अरट्टैच्या बाबतीत क्षीण वाटलेल्या शंकेच्या प्रवाहाने आपले काम केले. नोव्हेंबर २०२५ मध्ये कंपनीने दोन व्यक्तींमधील थेट संवादासाठी दोन्ही टोकांची कूटबद्धता देण्यास सुरुवात केली. कंपनीचा तसा मानस आधीपासून होता, हे मान्य करूनही, जाणकारांनी लावून धरलेल्या प्रश्नामुळे त्या कामाला अग्रक्रम मिळाला असावा, असे मानण्यास जागा आहे. जयजयकार करणाऱ्या लाखो प्रतिक्रियांनी सेवेला गर्दी मिळवून दिली. तिच्यात सुधारणा सुचवली ती मात्र मूठभर चिकित्सकांनी.

वही उघडण्याची वेळ

वेंबू यांनी आणखी एक सूचना केली होती आणि ती गलक्यात काहीशी झाकोळली गेली. ई-मेल किंवा यूपीआयप्रमाणे संदेशसेवाही एकमेकींशी जोडलेल्या असाव्यात, एका सेवेच्या वापरकर्त्याला दुसऱ्या सेवेवरील व्यक्तीशी बोलता यावे, असे त्यांचे म्हणणे होते. ज्या बँकेत आपले खाते आहे तीच बँक समोरच्याचीही असावी, अशी अट यूपीआय घालत नाही. संदेशांच्या बाबतीत असे घडले तर कोणत्याही एका कंपनीची मक्तेदारी राहणार नाही आणि लोकांना भावनिक आवाहनाखेरीज, केवळ गुणवत्तेवर निवड करता येईल. हे तांत्रिकदृष्ट्या सोपे नाही. वेगवेगळ्या सेवांमध्ये दोन्ही टोकांची कूटबद्धता टिकवणे तर विशेष अवघड. पण चर्चा व्हायलाच हवी असेल तर ती यावर व्हावी.

वाचकांच्या हाती काय उरते? तंत्रज्ञानाची पुढची बातमी येईल तेव्हा प्रतिक्रिया देण्यापूर्वी तीन प्रश्न विचारता येतील. माझ्या संदेशाची चावी कोणाकडे आहे? ती मागण्याचा अधिकार कोणाला आहे? आणि दिलेले आश्वासन खरे आहे हे बाहेरच्या तज्ज्ञाला तपासून पाहता येते का? कंपनी मुंबईची, चेन्नईची की कॅलिफोर्नियाची, हा प्रश्न गैरलागू नाही. पण तो चौथा आहे.

इन्नंबूरपासून जवळ असलेल्या तंजावरात मराठी राज्यकर्त्यांनी १८५५ पर्यंत राज्य केले. त्यांच्या दरबाराचे मोडी लिपीतील कागद सरस्वती महाल ग्रंथालयात जपून ठेवलेले आहेत. त्यांत मोठा भाग हिशेबाचा आहे. राज्य तमिळ मुलखातले, लिपी मराठी. प्रजेतील बहुतेकांना ती अक्षरे वाचता येत नसत, ती जाणणाऱ्या कारकुनावर विसंबावे लागे. आजचा भ्रमणध्वनीधारक त्या प्रजाजनाहून फारसा वेगळा नाही. त्याच्या नावाने काय लिहिले आणि वाचले जाते, हे त्यालाही दिसत नाही.

म्हणूनच कथेतील चोळ राजाची आज्ञा आजही लागू पडते. सेवक आपला असो वा परका, त्याच्याकडे हिशेब मागणे हा अविश्वास नव्हे. ती राजाची जबाबदारी आहे आणि लोकशाहीत राजा म्हणजे नागरिक. आपल्याच माणसाकडे हिशेब मागताना संकोच वाटतो, हे खरे. पण इन्नंबूरच्या देवाला तसा संकोच वाटला नाही. त्याने वही पुढे केली.